खंडणी कुणी मागितली?

उपवासकाळ चालू आहे. आमच्या रविवारच्या शाळेत मुलांकडून मार्क 10:45 पाठ करून घेत होतो. मनुष्याचा पुत्र सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला, असा त्या वचनाचा आशय. सातवीतल्या एका मुलाने हात वर केला. "सर, खंडणी मागणाऱ्याला पोलीस धरतात की! मग इथं मागितली कुणी? देवानं?"

वर्गात हशा पिकला. "आधी पाठ कर, अर्थ नंतर," असे म्हणून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र लाज वाटली. इतकी वर्षे शिकवतोय, पण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

मुलाचं काय चुकलं? पेपरात तो वाचतो, व्यापाऱ्याला धमकावून खंडणी उकळली. त्याच्या लेखी खंडणी म्हणजे गुंडगिरी. आपल्या शास्त्रातले शब्द जुने आहेत आणि बाजाराने त्यांचे अर्थ कधीच बदलून टाकलेत. दाखला म्हटले की मुलांना तहसील कचेरी आठवते, प्रभूचे दृष्टान्त नव्हे. करार म्हणजे घरभाड्याचा. कृपा तर 'कृपया रांगेत उभे राहा' एवढ्यापुरतीच उरली आहे. आणि तारण? बेळगावात कुठल्याही सोसायटीच्या दारावर पाहा, 'सोने तारण कर्ज'. एका शेजाऱ्यांनी मला खरोखरच विचारले होते, "तुम्ही लोक तारण झालं, तारण झालं म्हणता, ते कशाबद्दल?"

त्यावर काही जण म्हणतात, हे जड शब्द टाकून द्या, मुलांना इंग्रजीतूनच शिकवा. मला हे पटत नाही. इंग्रजी शब्दही त्यांना पाठच असतात, कळलेले नसतात. आणि आजीची प्रार्थना नातवाला परकी होते, ते वेगळेच.

उपाय जुनाच आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून अख्खे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले, ते साध्या बायाबापड्यांना समजावे म्हणून. 1922 साली देह ठेवण्याआधी ते काम त्यांनी पुरे केले. आपण निदान वर्गात दहा मिनिटे एका शब्दाला देऊ शकतो की नाही?

पाप हाच शब्द घ्या. त्यासाठीच्या मूळ हिब्रू शब्दात नेम चुकण्याचा अर्थ आहे. शास्ते 20:16 मध्ये बन्यामिनाच्या सातशे डावखुऱ्या गोफणदारांची गोष्ट येते, केसावरही त्यांचा नेम चुकत नसे. तिथे 'चुकणे' याला तेच क्रियापद वापरले आहे. गोफण म्हटली की खेड्यातल्या मुलाला लगेच कळते. किंवा तारण. रक्तस्रावाने पिडलेल्या बाईला प्रभू म्हणतो की तुझ्या विश्वासाने तुला बरे केले, आणि लूक 7:50 मधल्या पापी स्त्रीला म्हणतो की तुझ्या विश्वासाने तुला तारले. मराठीत दोन शब्द, ग्रीकमध्ये क्रियापद एकच. म्हणजे तारण हे फक्त मेल्यानंतरचे प्रकरण नाही, हे एवढ्यावरूनच दिसते.

आता खंडणी. तिथला ग्रीक शब्द गुलामाला किंवा लढाईत धरलेल्या कैद्याला सोडवण्यासाठी भरायच्या मोलाचा आहे. लेवीय 25 मध्ये नियमच आहे: कर्जापायी कुणी स्वतःला विकले, तर त्याच्या भावाने, चुलत्याने किंवा चुलतभावाने मोल भरून त्याला सोडवावे. मोल कुणाच्या हाती पडले, हे मार्कच्या त्या वचनात सांगितलेलेच नाही. मोठमोठ्या पंडितांनी त्यावर शतकानुशतके वाद घातला आहे, तो मी सातवीच्या वर्गात उकरणार नाही. वचनाचा रोख सोडवणाऱ्यावर आहे. तिथे धमकी देणारा कुणी नाही, आपणहून पुढे आलेला नातलग आहे.

पुढच्या रविवारी हे सगळे सांगायचे ठरवून गेलो. मुलाने मला बोलूच दिले नाही. त्याने घरी आजीला विचारले होते. आजी म्हणाली, "दुष्काळात माझ्या पाटल्या सावकाराकडं गहाण पडल्या होत्या. तुझ्या आजोबांना काही जमलं नाही. माझ्या भावानं बैल विकला आणि सोडवून आणल्या. मी मागितलंही नव्हतं."

"तसंच ना, सर?" मुलाने विचारले.

तसंच, म्हटलं. त्या दिवशी वचन कुणालाच पाठ करावे लागले नाही.