थ्रेड : कुलाब्याचे हरवलेले स्थानक

कोल्हापूरचा लोहमार्ग १८९१ पासून थेट शहरात येऊन थांबतो. म्हणूनच त्याचे मोल आपल्याला सहसा जाणवत नाही. त्यासाठी मुंबईच्या कुलाब्याची कथा वाचावी.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे हे दक्षिण टोक. येथे १८९६ मध्ये स्थानकाची नवी इमारत उभी राहिली. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली आणि १९३० च्या अखेरीस चर्चगेटच्या दक्षिणेकडचा सारा मार्गच बंद झाला! बॅकबेच्या भराव योजनेपुढे किनाऱ्यालगतचे रूळ अडचणीचे ठरले. लांब पल्ल्याच्या गाड्यांना मुंबई सेंट्रल मिळाले. यार्डाच्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे.

विजेच्या तारा तीन वर्षांत उतरवणाऱ्या या नियोजनाला मी दूरदृष्टी म्हणणार नाही. सुमारे दीडशे वर्षांचा कर्नाक पूल २०२२ मध्ये पाडला, तेव्हा वाहतूक लगेच अडली. २०२५ मध्ये नवा पूल खुला झाला. स्थानकाची उणीव अशी ओरडून सांगत नाही, ती बसच्या रांगेत पिढ्यान्‌पिढ्या मुरते. कुलाब्याशेजारच्या कफ परेडला गाडी पोहोचली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये, भुयारी मेट्रोच्या रूपाने.