कर्ज मालकाचे, जप्ती भाडेकरूवर

काजवे पाहण्यासाठी आणि पुढे पावसाळ्यात धबधब्यांसाठी भंडारदऱ्याकडे लोटणारी शहरी गर्दी ज्या गाळ्यांत चहा पिते आणि ज्या खोल्यांत उतरते, ते गाळे व त्या खोल्या चालविणाऱ्याच्या मालकीच्या असतातच असे नाही. समजा, शेंडीत एकाने गाळा भाड्याने घेतला, अनामतीसाठी घरातले किडूकमिडूक मोडले आणि हंगामाच्या कमाईवर वर्षभराचे भाडे भरीत राहिला. एके सकाळी बँकेचा माणूस येऊन दारावर नोटीस डकवितो. कर्ज मालकाने काढलेले, हप्ते मालकाने थकविलेले. कुलूप मात्र भाडेकरूच्या पोटावर पडणार! त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : पुढील महिन्याचे भाडे द्यावे काय, आणि द्यावे तर कोणाला?

आपल्यातील काही उत्साही साथींजवळ याचे तयार उत्तर असते : "मालक बुडालाच आहे, भाडे बंद करा." ही घोषणा जहाल वाटते खरी, पण तिने भाडेकरूचेच हात बांधले जातात. थकबाकीदार भाडेकरू मालकालाही सोयीचा आणि बँकेलाही. त्याला बाहेर काढण्यास मग कर्जाचे निमित्तसुद्धा लागत नाही. मालकाचे हप्ते थकले एवढ्याने भाडेकरार संपत नाही. जागेचा हक्क दुसऱ्याकडे गेल्याची सूचना नसताना मालकाला सद्भावाने दिलेले भाडे पुन्हा मागता येत नाही, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५० सांगते. म्हणून भाडे द्यावे, पावती घ्यावी, शक्यतो बँकेमार्फत द्यावे. बँकेच्या वसुली-माणसाने तोंडी दरडावले म्हणून त्याच्या हाती एक पैसाही ठेवू नये. बँकेने भाड्याची लेखी मागणी केली, तर ती वकिलाला दाखवावी. दोघेही मागू लागले, तर रक्कम वेगळी काढून ठेवून दोघांस लेखी कळवावे आणि न्यायालयाचा आदेश मागावा. यात भित्रेपणा नाही. लढ्याची ही पहिली तयारी आहे.

आता खऱ्या अन्यायाकडे वळू. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना न्यायालयाची पायरी न चढता गहाण मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. त्याआधी साठ दिवसांची सूचना द्यावी लागते. पण ती कर्जदाराला! त्या छपराखाली राहणाऱ्या भाडेकरूला ती देण्याचे बंधन नाही. सूचना मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीवाचून मालकाने जागा भाड्याने देऊ नये, असे हाच कायदा म्हणतो. मालकाने ते लपवून अनामत उकळली, तर फसला कोण?

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली विशाल कलसारिया खटल्यात सांगितले, की भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूला सरफेसीच्या बळावर हुसकावता येणार नाही. भाडेकरूंनी सुटकेचा श्वास टाकला. परंतु २०१९ च्या बजरंग अग्रवाल खटल्यात न्यायालयाने या आश्वासनाला मर्यादा घातली : करार तोंडी वा नोंदणी न केलेला असेल, तर अशा भाडेकरूला वर्षापलीकडे ताब्याचा हक्क सांगता येणार नाही. आता महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा पाहा. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदविल्यास शिक्षाही त्यालाच. म्हणजे कसूर मालकाची आणि बेघर होणार भाडेकरू! जेथे हा कायदा लागू नाही अशा गावांत तर एवढाही आधार नाही. दाद मागायची ती कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे, पंचेचाळीस दिवसांत. आणि ते न्यायाधिकरण ना भंडारदऱ्यात, ना अकोल्यात.

"ठेवीदारांचा पैसा वसूल व्हायलाच हवा," असा युक्तिवाद केला जाईल. अवश्य व्हावा! ठेवीदारही आपल्यासारखाच कष्टकरी असतो. पण कर्ज देताना बँकेचा अधिकारी जागा पाहून जातो. तेथे कोण राहते, कोण धंदा करते हे त्याला दिसत असते. ज्याने डोळे उघडे ठेवून कर्ज दिले त्याने जोखीम उचलावी, की ज्याला गहाणाची वार्ताही नव्हती त्याने?

हा मुलूख सावकारी कागदाची ताकद ओळखतो. याच अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे सावकार व इंग्रजी सत्तेविरुद्ध उठले आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. १८७५ साली पुणे-नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली. त्या काळी कागद हे सावकाराचे हत्यार होते. आज कागद नसणे हेच बँकेचे हत्यार झाले आहे. म्हणून आपल्याला कागद करवून घ्यावा लागेल आणि जपावा लागेल.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. साठ दिवसांची सूचना भाडेकरूलाही मिळाली पाहिजे. करार न नोंदविल्याचा तोटा भाडेकरूच्या माथी मारता कामा नये. लिलावाच्या रकमेतून त्याची अनामत आधी परत मिळाली पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी दाद मागण्याची सोय हवी. आणि मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. प्रत्येक भाडेकरूकडे नोंदणीकृत करार आहे काय, पावत्या आहेत काय, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा चढला आहे काय, हे हंगाम सुरू होण्यापूर्वी दारोदार जाऊन तपासावे. नोटीस दारावर लागल्यानंतर काढलेल्या मोर्चापेक्षा त्याआधी जपून ठेवलेली एक पावती भाडेकरूच्या अधिक उपयोगी पडेल.