आधी पार्किंग बघा, मग गाडी

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की हायब्रिड, ही चर्चा आपल्याकडे बहुधा ‘एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर’ इथेच अडकते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: गाडी रात्री कुठे उभी राहते आणि तिथे घरच्या मीटरची वीज पोहोचते का? घाट, ऊन, महामार्ग यांचा परिणाम होतोच, पण तो मोजता येतो. बोरघाटाचंच बघा. पावणेदोन टनांची गाडी पाचशे मीटर वर चढवायला अडीच-तीन युनिट वीज जादा लागते. तीस युनिटच्या बॅटरीचा हा दहावा हिस्सा. उतरताना त्यातली बरीचशी बॅटरीत परत येते. समृद्धी महामार्गावर ताशी 80 ऐवजी 120 किलोमीटरने गेलं की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो आणि पल्ला घटतो, पण वेग चालकाच्या हातात असतो. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात एसी वीज खातो आणि सतत तापलेल्या बॅटरीचं आयुष्यही कमी होतं. त्यावर गाडी सावलीत उभी करणं हा साधा उपाय आहे. म्हणजे इथेही प्रश्न पुन्हा पार्किंगवरच येतो.

हवामानच निर्णायक असतं, तर नॉर्वेत इलेक्ट्रिक गाड्या चालल्याच नसत्या. कडाक्याच्या थंडीत पल्ला लक्षणीय घटतो. तरीही 2024 मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. करसवलती होत्याच, पण घरोघरी चार्जिंगची सोय आणि जलविद्युतही होती. हाच निकष आपल्याकडे लावला तर नेहमीची समजूत उलटी पडते. इलेक्ट्रिक गाडी मुंबई-पुण्याची मानली जाते. पण लातूर किंवा जालन्यात ज्यांचं स्वतःचं घर, अंगण आणि गच्ची आहे, त्यांना ती अधिक सोयीची आहे. गच्चीवरचे तीन किलोवॉटचे सोलर पॅनेल दिवसाला साधारण बारा युनिट देतात. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या लहान गाडीला सहा-सात युनिट पुरतात. नेट मीटरिंग असेल तर दिवसा ग्रिडला दिलेली वीज रात्रीच्या चार्जिंगच्या हिशोबात वळती होते. याउलट गिरगावातल्या चाळीत रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्याला प्रत्येक वेळी सार्वजनिक चार्जर गाठावा लागतो. तिथे वेळही जातो आणि युनिटमागे पैसेही जास्त मोजावे लागतात.

अशा माणसाने हायब्रिड घेतली तर ते पर्यावरणाशी प्रतारणा करणं आहे, हा आक्षेप मला पटत नाही. आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीच्या वाट्याला किलोमीटरमागे शंभर-एकशेदहा ग्रॅम येतो. एक लिटर पेट्रोल जळताना 2.3 किलो बाहेर पडतो, म्हणजे लिटरला 22-23 किलोमीटर धावणारी स्ट्राँग हायब्रिड तेवढ्यावरच येते. शिवाय थांबत-थांबत जाणाऱ्या शहरी वाहतुकीत ती सर्वाधिक पेट्रोल वाचवते. मात्र तिच्या धुराड्यातून धूर येतोच आणि तो आकडा फारसा सुधारणार नाही. इलेक्ट्रिक गाडीचा आकडा मात्र गच्चीवर पॅनेल बसवताच खाली येतो आणि ग्रिडमध्ये सौर-पवन वीज वाढेल तसा तो आणखी उतरत जाईल. म्हणून प्लग असलेल्याने इलेक्ट्रिकच घ्यावी. नसलेल्याने आज हायब्रिड घेतली तर त्याला दोष देऊ नये.

राज्याच्या 2025 च्या धोरणाने अटल सेतूसारख्या मार्गांवर इलेक्ट्रिक गाड्यांचा टोल माफ केला, हे चांगलंच झालं. पण टोल अधूनमधून लागतो, प्लग जवळपास रोज. सवलतीचा पुढचा रुपया जुन्या गृहनिर्माण सोसायट्यांमधली वायरिंग, वाढीव वीजभार आणि स्वतंत्र मीटर यांवर खर्च व्हायला हवा. सोसायट्यांनीही हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर घ्यावा. गाडी घेणाऱ्यांनी शोरूममध्ये जाण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून आपल्या पार्किंगपर्यंत वायर येते का, हे पाहून घ्यावं.