गोळीची किंमत आणि मूत्रपिंडाची

अमीनाबाद म्हटले की बाहेरच्या माणसाला कबाब आणि चिकनकारी आठवते. मला मात्र लखनौच्या या गजबजाटात औषधांचा घाऊक बाजार अधिक विचार करण्याजोगा वाटतो. येथून आसपासच्या गावांत जाणाऱ्या मालात वेदनाशामक गोळ्याही असतात.

शरीरातले पाणी घटले की मूत्रपिंडात रक्त नेणारी सूक्ष्म वाहिनी प्रोस्टाग्लँडिन या द्रव्याच्या बळावर रुंद राहते व गाळण चालू राहते. डायक्लोफिनॅकसारखी औषधे नेमके हेच द्रव्य तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे ज्येष्ठातल्या उन्हात राबून, घाम गाळून, अंगदुखीवर गोळी घेणारा मजूर एकाच वेळी दोन बाजूंनी मारा सोसतो. नलिकांचे दुखावलेले अस्तर पुष्कळदा भरून येते. घाव पुन्हापुन्हा झाला तर मात्र दुरुस्तीच बिघडते आणि तंतुमय वण मागे राहतो. नष्ट झालेला नेफ्रॉन नव्याने उगवत नाही. रक्तातील क्रिएटिनीन ठळकपणे वाढते, तोवर बहुधा निम्मी क्षमता गेलेली असते.

याच औषधाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली संशोधनाने दाखवले. २००६ मध्ये भारताने त्याचा पशुवैद्यकीय वापर थांबवला. मोठ्या कुप्या गुरांकडे वळतात म्हणून २०१५ मध्ये त्यांवरही बंदी आली. पुरावा मिळाल्यावर शासन हलू शकते, याचे हे दुर्मीळ उदाहरण. माणसांसाठी अशी बंदी मी मागत नाही. सांधेदुखीच्या रुग्णाला गोळी हवीच. पण चिठ्ठीशिवाय हे औषध विकू नये हा नियम कागदावर असताना गल्ल्यावर तो कोण पाळतो?

२०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तो स्वागतार्हच होता. तरी डायलिसिस हा वाटेचा शेवट आहे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्याची मजुरी बुडते. तीव्र इजेतून सावरलेल्या रुग्णाची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी व्हावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात क्रिएटिनीन व लघवीतील प्रथिनांची चाचणी यांस फार खर्च नाही. रायबरेली मार्गावरील संजय गांधी संस्थेसारख्या मोठ्या रुग्णालयांनी आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या वेदनाशामकांची नोंद ठेवली आणि राज्याने ती एकत्र केली, तर कोणत्या जिल्ह्यातील दुकानांकडे आधी पाहावे हे औषध निरीक्षकाला कळेल.