ओव्हन मिळतो, गिऱ्हाईक मिळत नाही

बेकरी प्रशिक्षणाचा समारोप ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पंधरा दिवसांचा वर्ग संपतो, महिलांनी केलेले केक टेबलावर मांडले जातात, पाहुणे येतात, प्रमाणपत्रे वाटतात, ‘स्वावलंबन’ हा शब्द चार-पाच वेळा उच्चारला जातो आणि फोटो निघतो. शिवण वर्गाचेही तेच, फक्त केकच्या जागी मशीन. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांना स्वतःच्या उत्पन्नातला २० टक्के निधी मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावा लागतो. त्यातून वर्षानुवर्षे शिलाई मशीन आणि पिठाच्या गिरण्या वाटल्या जातात. दलित बाईला काय द्यावे असा प्रश्न पडला की सरकारी कागदावरचा हात आपोआप शिलाई मशीनकडे वळतो.

मशीनबद्दल आमची तक्रार नाही. त्याच मशीनवर फॉल-पिको करून कितीतरी आयांनी मुलांच्या फिया भरल्या आहेत. तक्रार आहे ती फोटोच्या दुसऱ्या दिवसाबद्दल.

आमच्या परिचयातल्या एका ताईंचे सांगतो. बौद्ध कुटुंब, शहराच्या कडेला दोन खोल्या. आधी कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी आणि रिंग काढून केक भाजायच्या. वर्ग झाल्यावर बचतगटातून कर्ज काढून छोटा ओव्हन घेतला. जवळच्या सोसायटीत त्या पूर्वी एका घरी मुलं सांभाळायच्या. तिथल्याच एका बाईंनी त्यांना सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतले. नावात फक्त पहिले नाव आणि पुढे ‘केक्स’. पहिले पाच महिने चांगले गेले. अर्ध्या किलोचे वाढदिवसाचे केक, रव्याचा केक, दिवाळीला नानकटाई. ताईंचा हात चांगला आहे, क्रीम गोडमिट्ट होऊ देत नाहीत.

मग एका केकचा फोटो त्यांनी घाईत टाकला. केकच्या मागे भिंत होती आणि भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीचा खालचा अर्धा भाग. निळा कोट, हातातले पुस्तक. ग्रुपवर कोणी काही बोलले नाही. एकीने स्वतंत्र मेसेज करून गोडीत विचारले, “ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?” ताईंनी गाव सांगितले. “तसं नाही हो, आडनाव काय?” त्यांनी तेही सांगितले. पुढच्या महिन्यात ऑर्डरी निम्म्यावर आल्या आणि गौरी-गणपतीला मोदकांची एकही आली नाही. त्याच ग्रुपवर दुसऱ्या एका बाईंची जाहिरात मात्र आली: ‘घरगुती, सोवळ्यातले, शुद्ध शाकाहारी किचन’.

कोणी अपमान केला नाही, कोणी नकारही दिला नाही. ऑर्डर आली नाही, एवढेच.

हे नवीन नाही, म्हणून थोडे मागे जाऊ. ‘घरगुती’ या शब्दाला आज बाजारात भाव आहे. घरी भाजलेला पाव, घरी शिवलेली गोधडी, हाताने टाके घातलेली पिशवी, हे सगळे हौशीचे आणि प्रतिष्ठेचे झाले आहे. आपल्या घरांत या गोष्टी हौशीने आल्या नव्हत्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये बाबासाहेबांनी साताऱ्याचे दिवस सांगितले आहेत. घरातले कपडे बहिणी धूत आणि मुलांचे केस थोरली बहीण कापी. साताऱ्यात परीट-न्हावी होते आणि त्यांना द्यायला पैसेही होते, पण अस्पृश्याच्या कपड्याला आणि केसाला हात लावायला कोणी तयार नव्हते. शाळेत बसायला घरून गोणपाट न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, कारण शिपाई त्याला शिवत नसे. बाजाराने दार लावून घेतले म्हणून घरात कसब वाढले. जुन्या लुगड्यांचे थर लावून धावदोऱ्याने शिवलेली वाकळ ही काटकसरीची वस्तू होती. आज तीच शहरातल्या दुकानात कलावस्तू म्हणून टांगलेली दिसते आणि टाके घालणारीचे नाव चिठ्ठीवर नसते.

बेकरीच्या मालाचा इतिहास तर आणखी गमतीचा आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी बोलावलेल्या एका सभेनंतर चहा आणि बिस्किटे दिली गेली. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक दोघेही तिथे होते. हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, प्रायश्चित्ते झाली. एका बिस्किटापायी! ज्यांच्या हातात वर्तमानपत्रे, न्यायासने आणि पुढे देशाचे राजकारण होते त्यांनाही बिस्किटाचा हिशेब द्यावा लागला. आज त्याच घरांत बिस्किटे डब्यात असतात, केकवर मेणबत्त्या लागतात आणि कोणाला काही वाटत नाही. वस्तू पवित्र होऊन गेली. तिला हात कोणाचा लागला, हा प्रश्न मात्र राहिला.

या प्रश्नालाही पायऱ्या आहेत. शिवलेल्या कापडाचा विटाळ लवकर धुऊन जातो. ब्लाउज कोणी शिवला याची चौकशी सहसा होत नाही, झालीच तर फिटिंगपुरती. अन्नाचे तसे नाही. उत्तरेत कच्ची रसोई आणि पक्की रसोई असा भेद आहे. पाण्यात शिजलेली डाळ, भात, रोटी कोणाच्याही हातची चालत नाही, तुपात तळलेल्याला थोडी सूट. आपल्याकडे दिवाळीआधी रवा-मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून आणायची ही अनेक गावांतली जुनी रीत. भट्टी मुसलमानाची असली तरी पीठ आपले, तूप आपले, म्हणून चालून जायचे. जात अशी सोयीने वाकते. पण ती कोणासाठी वाकवायची हे गिऱ्हाईक ठरवते, करणारी नाही. दलित बाईला मशीन इतक्या सहज का मिळते आणि खानावळ काढायला कर्ज मागितले की अधिकारी का घुटमळतो, याचे एक उत्तर इथे असावे असे आम्हाला वाटते. कापड चालते, भाकरी चालत नाही.

(‘एगलेस’चे प्रकरण स्वतंत्र लेखाचे आहे. अंडे न खाणाऱ्याने खाऊ नये, त्यात वाद नाही. दही आणि खायच्या सोड्यावरही केक उत्तम फुलतो. पण ‘या ओव्हनमध्ये कधीही अंडे गेलेले नाही’ असे जाहिरातीत लिहिले जाते तेव्हा ती पाककृतीची माहिती राहत नाही. ते घराचे आडनाव असते.)

कोणी म्हणेल, ही खासगी बाजाराची गोष्ट, सरकारी स्वयंपाकघरात तरी असे नसेल. तिथे तर लेखी आदेश आहे. २० एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नहक्काच्या खटल्यात सांगितले की शाळेतल्या मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे. त्यानंतर काय घडले? जुलै २०१८ मध्ये तमिळनाडूच्या तिरुप्पूर जिल्ह्यात एका दलित स्वयंपाकिणीच्या नेमणुकीला गावातल्या सवर्णांनी विरोध केला आणि अधिकाऱ्यांनी तिचीच बदली केली. आंदोलन झाले तेव्हा बदली मागे घ्यावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात, सुखीढांगच्या शाळेत, सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेने रांधलेले जेवायचे नाकारले. तिला काढण्यात आले आणि कारण दिले ते नेमणुकीतल्या त्रुटीचे. मग दलित मुलांनी सवर्ण बाईच्या हातचे खायचे नाकारले. देशभर बोभाटा झाल्यावर तिला परत घेतले. या कामासाठी केंद्राने २००९ मध्ये ठरवलेले मानधन महिन्याला १००० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. एवढ्याशा रकमेच्या कामासाठीही जात आडवी येते.

आणि पुण्यातली २०१७ ची ती तक्रार. एका वरिष्ठ सरकारी शास्त्रज्ञ बाईंनी पोलिसांत जाऊन सांगितले की स्वयंपाकिणीने जात लपवून आमचे सोवळे मोडले. ती स्वयंपाकीण दलितही नव्हती, मराठा होती. संताप उसळल्यावर तक्रार मागे घेतली गेली. ‘आमचे आणि तुमचे वेगळे’ असे मानणाऱ्या बहुजन बंधूंनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

आता मूळ मुद्दा. प्रशिक्षण, भांडवल, यंत्र आणि गिऱ्हाईक या चार गोष्टींतल्या पहिल्या तीन देता येतात, म्हणून त्या दिल्या जातात. चौथीबद्दल योजना फारशा बोलत नाहीत. बाबासाहेबांचेच पाहा. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाने बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर मुंबईत समभाग-रोख्यांबाबत सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाईक गळाले आणि पेढी बंद पडली. तिथे कौशल्य कमी पडले असे म्हणायची कोणाची हिंमत आहे?

हे दुखणे नेमके ओळखणारा राजा होऊन गेला. राजवाड्यात नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढायला मदत केली. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’. हॉटेल निघाले, पण सवर्ण फिरकेनात. पैसे देऊन महाराज थांबले असते तर ते हॉटेल महिन्याभरात उठले असते. ते स्वतः तिथे जाऊन चहा पिऊ लागले आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. ज्याला सही हवी असेल त्याने तिथे यावे असे ते म्हणत, अशी आठवण कोल्हापुरात आजही सांगतात. गंगारामांना महाराजांनी गिऱ्हाईक मिळवून दिले. शंभर वर्षांनंतरही आपल्या योजनांत हे कलम क्वचितच दिसते.

आणता येईल का? येईल. सरकारी कार्यालयांत रोज चहा-नाश्ता लागतो, बैठकांना केक-सामोसे येतात, वसतिगृहांना चादरी आणि उशांचे अभ्रे लागतात, शाळांना गणवेश. यातला ठरावीक हिस्सा अनुसूचित जाती-जमातींच्या महिलांच्या गटांकडूनच घ्यायचा असा नियम करायला पैसा लागत नाही. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात या उद्योजकांसाठी ४ टक्क्यांचा वाटा ठरलेला आहे. तो दोन खोल्यांत ओव्हन ठेवलेल्या बाईपर्यंत येईल इतका खाली आणायचा आहे.

कायद्याची मदत मर्यादित आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आणि त्याच्या व्याख्येत व्यवहार करायला नकार देणेही येते. गावाने ठराव केला, दवंडी दिली, तर त्याचा उपयोग होतो. पण जो मेसेज आलाच नाही त्याचा पंचनामा कसा करणार?

आणि थोडे आपल्याकडेही. आपल्यातलीही कितीतरी माणसे ‘प्युअर व्हेज’ची पाटी लावतात, आडनाव गाळतात. त्यांना नावे ठेवायला आम्ही बसलेलो नाही, पोट आहे. पण वस्तीतल्या मातंग बाईच्या किंवा वाल्मीकी बाईच्या हातचा केक आपल्या घरी किती वेळा आला, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. जयंतीच्या आदल्या रात्री, १३ एप्रिलला बाराच्या ठोक्याला, देशभर वस्त्यावस्त्यांत केक कापला जातो. निळे झेंडे, पंचशील ध्वज, पताका, पांढऱ्या साड्यांचे फॉल, लहान मुलांचे निळे फेटे, सगळे हजारोंनी लागते. यातले बहुतेक घाऊक बाजारातून आणि मोठ्या बेकरीतून येते, कारण तिथे स्वस्त पडते आणि एका फोनवर काम होते. मंडळांचे म्हणणे खोटे नाही. पण आपले गिऱ्हाईक आपणच नसू तर सोसायटीतल्या बाईला कोणत्या तोंडाने विचारायचे? आपल्यापुरताच बाजार करून भागणार नाही हेही खरेच. वस्तीच्या आत फिरणारा पैसा वस्तीइतकाच असतो. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवरची जागाही सोडायची नाही.

त्या ताईंनी तसबीर काढली नाही. टेबल मात्र दुसऱ्या भिंतीला सरकवले. ते का सरकवले हे आम्ही विचारले तेव्हा म्हणाल्या, “उजेड बरा येतो तिकडून,” आणि हसल्या. सोसायटीतून अधूनमधून दोन-तीन घरे अजून मागवतात, त्यातले एक त्या मेसेज करणाऱ्या बाईंच्या शेजारचे आहे. येत्या जयंतीसाठी मंडळाच्या मुलांनी त्यांना दहा किलोचा केक सांगितला आहे. ओव्हनमध्ये एका वेळी एक किलोच बसतो, म्हणजे दहा वेळा भाजायचे, थर जोडायचे आणि एप्रिलच्या उकाड्यात क्रीम टिकवायचे. ताईंनी होकार दिला आहे आणि वर्गातल्या दोघींना मदतीला बोलावले आहे. एकीकडे मोठा फ्रीज आहे.