विषाला औषध म्हणू नका



कापसावरची फवारणी आटोपली, पंपात तळाला थोडे उरले. फेकायचे कशाला, म्हणून घरधन्याने ते परसातल्या आठ-दहा मिरच्यांवर मारले. अळी मेली. तिसऱ्या दिवशी त्याच मिरच्यांचा ठेचा लेकरांच्या भाकरीवर आला. हे आपल्यातल्या किती घरांत घडते, ज्याने त्याने मनाशी विचारावे.

याला आपण 'औषध मारणे' म्हणतो. औषध रोग्याला देतात, हे तर विष! डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण त्या विषाची प्रत सांगतो. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला 2005 सालीच मनाई झाली. दुकानाच्या गल्ल्यावर हे कोणी सांगते का? 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतरही आपण त्याच पंपाने घरची भाजी भिजवतो.

शहरातले शहाणे म्हणतात, शेतकरी आम्हाला विष चारतो. त्यांना आमचे उत्तर ठरलेले आहे. पीक गेले तर कर्ज तुम्ही फेडणार का? आधी घामाचे दाम द्या, मग शहाणपण शिकवा. पण परसातल्या मिरचीवर ना कर्ज, ना हप्ता. चार मिरच्या अळीने खाल्ल्या तर दिवाळे निघत नाही. मग तिथे विष कशासाठी? तिथे आपल्याला सबब नाही.

उपाय माजघरातलेच आहेत. पान उलटून पाहा. तपकिरी केसाळ पुंजका म्हणजे पाने खाणाऱ्या अळीची अंडी. ते पान तोडून जाळले की शेकडो अळ्या एका झटक्यात संपल्या. मोठी अळी दिवसा ढेकळाखाली दडते. रात्री बॅटरी घेऊन वेचा, साबणाच्या पाण्यात टाका. भोक पडलेली मिरची झाडावर ठेवू नका, आत घाटेअळी असते. 50 ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण घाला, संध्याकाळी फवारा. अळी लगेच मरणार नाही. तिचे खाणे तुटते, कात अडते. म्हणून अळी लहान असतानाच मारा करा.

पान वर वळले तर फुलकिडे, खाली वळले तर कोळी. तिथे अळीचे विष मारून फायदा नाही. उलट ढालकिडे आणि कोष्टी मरतात, ते तर आपले बिनपगारी गडी!

1991 साली शरद जोशींनी चतुरंग शेतीत सीताशेती मांडली, ती घरच्या बाईच्या हातची, विकतच्या खता-विषाशिवायची. परसातली मिरची ही सीताशेतीच आहे. तिथे काय फवारायचे, हे दुकानदाराने नव्हे, मायबहिणींनी ठरवावे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने ठराव करून यावे: विष मोजूनच कालवू, उरले तरी घरच्या भाजीवर जाऊ देणार नाही.