माफीचे दार कुणाच्या घरी?

एखाद्या तरुण बाईला मृत्युदंडातून वाचवण्याची मोहीम सुरू झाली की मोबाईलवर आवाहन येते : सही करा, पुढे पाठवा. आपण तेवढे करतोही. पण अशा वेळी जीव वाचतो तो नेमका कशाने, हे भगिनींनो, समजून घेतले पाहिजे.

सुदानची नूरा हुसेन १९ वर्षांची होती. लग्न बळजबरीने लावलेले. नवऱ्याने नातेवाइकांच्या मदतीने तिच्यावर अत्याचार केला. पुन्हा तसाच प्रयत्न झाला तेव्हा तिच्या हातून तो मारला गेला. मे २०१८ मध्ये मृत्युदंड झाला, नवऱ्याच्या घरच्यांनी माफी नाकारली. जगभरातून दहा लाखांवर सह्या झाल्या, वकिलांनी अपील केले. जूनमध्ये शिक्षा बदलून ५ वर्षे कैद आणि दियत अशी झाली.

केरळची परिचारिका निमिषा प्रिया येमेनच्या तुरुंगात. आपल्या भागीदाराच्या खुनाबद्दल तिला मृत्युदंड. तारीख ठरली १६ जुलै २०२५. केरळचे बुजुर्ग आलिम कांथापुरम ए. पी. अबूबकर मुसलियार यांनी येमेनच्या उलेमांशी बोलणी केली आणि आदल्या दिवशी तारीख पुढे ढकलली गेली. मुलगी आपल्या जमातीची की दुसऱ्या, हे त्यांनी पाहिले नाही. मात्र मृताच्या भावाने दियत घ्यायला जाहीर नकार दिला. तोही त्याचा हक्कच आहे. कुरआनने (सूरह बकरा, आयत १७८) किसासबरोबर माफीची वाट ठेवली, पण ते दार वारसाच्या घरी आहे. बाहेरच्यांनी अदबीने ठोठवावे. ढकलू नये, पैशाचा जोरही दाखवू नये.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींची नावे कोल्हापुरात आजही दबक्या आवाजात घेतली जातात. आईच्या साथीने लहान मुले पळवायची, त्यांना पुढे करून चोऱ्या करायच्या आणि मूल नकोसे झाले की मारून टाकायचे. १९९६ मध्ये तिघी पकडल्या गेल्या. आई खटल्याआधीच कोठडीत वारली. दोघी तरुण बहिणींना २००१ मध्ये कोल्हापूर सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच मुलांच्या खुनांसाठी ती कायम केली. आमच्या शाळकरी वयात आया जत्रेत पोरांचा हात सोडत नसत.

त्यांच्यासाठी आपल्या भागात कुणी सह्या गोळा केल्याचे मला आठवत नाही. तरीही १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. कारण काय? दयेच्या अर्जाचा निकाल लागायला ७ वर्षे १० महिने लागले. फाईल टेबलावरून टेबलावर रेंगाळली. सुटका मात्र मिळाली नाही.

वर्गात हा विषय निघाला तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, त्या पोरांच्या आयांना कुणी विचारलं का?" नाही विचारले. आपल्या कायद्यात दयेचा अधिकार राष्ट्रपती आणि राज्यपालांचा. वारसाची माफी तिथे लागत नाही. म्हणजे तिकडे माफी आईच्या दारात अडते, इकडे कचेरीच्या फाईलीत. आणि फाशी टळली ती कुणी माफ केले म्हणून नव्हे, कुणी वेळेवर काम केले नाही म्हणून. त्या आयांनी इतकी वर्षे वाट पाहिली आणि शेवटी हाती काय, तर सरकारी दिरंगाईची कबुली. याला रहम कसे म्हणायचे?

म्हणून मला वाटते, मृत्युदंडाला विरोध करायचा तर तो नूरासारख्या सोसलेल्या मुलीपुरता ठेवून चालणार नाही. जिच्याबद्दल मनात कणव येते तिच्यासाठी सही करणे सोपे आहे. कसोटी लागते ती रेणुका-सीमाच्या वेळी. त्यांचा गुन्हा कमी लेखायचा नाही, त्यांना मोकळे सोडा असेही म्हणायचे नाही. पण जीव घ्यायचा की नाही, हा निर्णय मोहिमेच्या जोरावर किंवा फाईलीच्या धुळीवर सोडणे हा इन्साफ नव्हे.

पुढच्या वेळी असे आवाहन आले तर सही जरूर करा. आधी प्रकरण वाचा, मुलांनाही वाचून दाखवा. तिला चांगला वकील मिळाला होता का, हे पाहा. आणि नमाजनंतर दुआ मागाल तेव्हा तिच्या आईसाठी मागा, तशीच मारल्या गेलेल्याच्या आईसाठीही मागा.